पाकळीसाठी कळी घेऊ नका

तुळशीचं लग्न लागलं की आमच्या मावळात मांडवांची गडबड सुरू होते आणि बचत गटाच्या फोनवर एकच विचारणा येऊ लागते, "ताई, अक्षतांबरोबर पाकळ्याही लागतील, किती घ्यायच्या?" किती घ्यायच्या हे सांगूच, पण त्याआधी कोणत्या घ्यायच्या ते बोलू. लग्नघरचे पैसे नकळत जातात ते तिथेच.

बहुतेक घरांतून काय होतं, कोणीतरी पुतण्या मार्केटयार्डात जातो आणि लांब दांड्याच्या, घट्ट मिटलेल्या डच गुलाबाच्या गड्ड्या घेऊन येतो. वीस फुलांची एक गड्डी. त्या कळीचा भाव असतो तिच्या दांड्यासाठी आणि ती फुलदाणीत पुढे आठवडाभर टिकणार म्हणून. आपण तर दांडा तोडून टाकणार आणि पाकळ्या तासाभरात उधळणार! शिवाय मिटलेल्या कळीच्या आतल्या पाकळ्या लहान, चुरगळलेल्या निघतात. पाकळीसाठी पूर्ण उमललेलं फूल हवं. पॉलिहाऊसवाल्या शेतकऱ्याकडे असं फूल रोज असतं. जास्त उमललेलं, मान वाकलेलं, दांडा आखूड राहिलेलं. ते गड्डीत बसत नाही, परगावी जात नाही. आम्ही तेच मागतो. शेतकऱ्याला जे टाकावं लागलं असतं त्याचे दोन पैसे मिळतात, आणि लग्नघराला निम्म्याहून कमीत काम होतं. तुमच्या भागात पॉलिहाऊस नसेल तर फूलबाजारात सुटं, वजनावर मिळणारं फूल मागा.

आता जात. डच गुलाबाची पाकळी जाड, वास जवळजवळ नाही, पण दुपारच्या मांडवातही तग धरते. उघड्या शेतातला ग्लॅडिएटर मोठा, गडद गुलाबी, हाताला जरा मऊ. आणि आपला गावठी गुलाब! ओंजळभर ठेवला तरी दाराशी सुगंध येतो, पण पाकळी इतकी पातळ की ऊन लागलं की माना टाकते. आम्ही दोन्ही मिसळतो. रंग आणि टिकाऊपणा डचचा, वास गावठीचा. तीन भागांना एक भाग पुरतो.

फूल घेताना उलटं करून बघा. बाहेरच्या एकदोन पाकळ्या हिरवट किंवा कडेला काळ्या असल्या तर बिघडत नाही, त्या काढून टाकायच्या. लाल फुलावर जांभळट झाक आली असेल तर ते शिळं. पाकळीवर तपकिरी ठिपके दिसले तर मात्र ते फूल घरातच आणू नका. ती बुरशी असते, ओलाव्यात पसरते, आणि सकाळपर्यंत शेजारच्या पाकळ्याही डागाळतात.

मापाचं सोपं गणित असं. आदल्या आठवड्यात पाव किलो फुलं आणा, पाकळ्या सुट्या करा आणि मुठी मोजा. एका पाहुण्याला एक मूठ. तीनशे पानं जेवायला उठणार असली तरी मंगलाष्टकांच्या वेळी मांडवात निम्मीच माणसं असतात, बाकीची पार्किंगमध्ये नाहीतर जेवणाच्या रांगेजवळ. त्या निम्म्यांच्या मुठी मोजा आणि थोड्या वर धरा. एक अनुभवाचं सांगतो, अक्षता माणूस चार-चार दाण्यांनी पुरवतो, पाकळ्या मात्र पहिल्याच 'सावधान'ला सगळ्या उडवतो. म्हणून पानाच्या द्रोणात पाकळ्या देऊन वर चिमूटभर अक्षता टाकतो. थोरल्यांचंही समाधान होतं, कारण अक्षतांशिवाय लग्न लागलं असं आमच्याकडच्या आज्या मानत नाहीत. तांदळाची नासाडीही कमी होते.

वेळ सांभाळली तर निम्मं काम झालं. साडेबाराचा मुहूर्त असेल तर फुलं पहाटे आणायची, सातला पाकळ्या काढायला बसायचं, दहाला कार्यालयात पोचायचं. गोरज मुहूर्त असेल तर सगळंच दुपारवर ढकला, फुलं तोवर दांड्यासकट पाण्यात राहू देत. फूल उलटं धरून देठाजवळचा फुगीर भाग पिळला की पाकळ्या आपोआप सुटतात, ओढू नयेत. मधला पिवळा पराग झटकून टाका. पाकळ्या धुवायच्या नाहीत आणि वरून पाणी मारायचं नाही. पाणी मारलं की ताज्या दिसतात, ते अर्धा तास. मग काळ्या पडतात. टोपलीत सुती कापड अंथरून चार बोटांपेक्षा जाड थर न करता पसरा, वर घट्ट पिळलेलं ओलसर कापड झाका. प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून ठेवलेल्या पाकळ्यांना घाम फुटतो. आणि केळीच्या घडाशेजारी टोपली ठेवू नका. पिकत्या फळातून जो वायू सुटतो त्याने फुलं लवकर कोमेजतात, आणि लग्नघरात केळी नाहीत अशी खोली सापडणं कठीण.

मांडवात वापरताना नवरीच्या पिवळ्या अष्टपुत्रीचा विचार आधी करा. लाल पाकळी पाटावर पसरली आणि त्यावर कोणी बसलं की डाग पडलाच. पाटावर, चौरंगावर पाकळ्या नकोत. कार्यालयाच्या गुळगुळीत फरशीवर चालायच्या वाटेतही नकोत, चिरडलेली पाकळी साबणासारखी निसटते. वाटेच्या दोन्ही कडांना रेघ ओढा, मधली वाट मोकळी. पाण्याच्या घंगाळात डचचीच पाकळी तरंगते, गावठी लिबलिबीत होते. रुखवतातल्या लाडू-करंज्यांजवळ बाजारची पाकळी ठेवू नये, तिच्यावर औषध फवारलेलं असतं. त्याच कारणाने उरलेल्यांचा गुलकंद घालू नका. कितीही जीव तुटला तरी.

आता गटाच्या मैत्रिणींसाठी. तारखेकडे लक्ष ठेवा. आमच्याकडचे शेतकरी डिसेंबरच्या मध्यात छाटणी करतात ती 14 फेब्रुवारीवर डोळा ठेवून, त्यामुळे त्याआधीचे पंधरा दिवस गुलाबाला हात लावू देत नाहीत. ती तारीख सरली की भाव खाली येतो. लग्नघराला भाव सांगताना त्या दिवसाचा बाजार विचारून मगच सांगा आणि फुलांपुरते पैसे आगाऊ घ्या, नासका माल परत जात नाही.

आणि आपले हात मोजा. चार जणी तीन तास बसल्या म्हणजे बारा तासांची मजुरी झाली. फुलं, गाडीभाडं, द्रोण, एवढं वहीत असतं आणि बारा तास नसतात, असं आम्ही कितीतरी गटांच्या वह्यांत पाहिलं आहे. "पाकळ्या तर काय, फूल कुस्करायचं" असं म्हणणाऱ्या यजमानांसमोर एक किलो फुलं आणि एक परात ठेवावी. आम्ही आता दर वजनावर सांगतो, त्यात मजुरी धरलेली असते, आणि कागदावर ती वेगळ्या ओळीत लिहितो. काहींनी घासाघीस केली. ती ओळ आम्ही खोडत नाही, हवं तर पाकळ्या कमी करतो.

कार्यालयवाल्यांना झाडलोटीचं आधीच विचारून ठेवा, काही ठिकाणी त्याचे वेगळे पैसे लावतात. पाकळ्यांत चमकी मिसळली नसेल तर गोळा करून थेट खताच्या खड्ड्यात टाकता येतात.