एक रुपयाचा मुस्तफा

‘बाबा, मशीनला ही फट कशाला?’ सात वर्षांच्या लेकीने विचारलं आणि मी चाट पडलो. अगं, नाणं टाकायला! पण इथे नाणं लागतच नव्हतं.

जुलै 2019 चा वीकेंड. नोकरीनिमित्त आम्ही तेव्हा अमेरिकेत होतो आणि सांता क्लारात ‘कॅलिफोर्निया एक्स्ट्रीम’ भरलं होतं. 1997 मध्ये सुरू झालेली ही हौशी मंडळींची जत्राच म्हणा ना! लोक घरातली, गॅरेजमधली जुनी आर्केड आणि पिनबॉल मशीन्स उचलून आणतात. दारात एकदा तिकीट काढायचं, मग वाट्टेल तितकं खेळा. एकदम सही!

आमच्या लहानपणी असं कुठलं? 1995 मध्ये कणकवलीत, पटवर्धन चौकाजवळ एका अंधाऱ्या गाळ्यात आमचं पार्लर होतं. गेम कॅपकॉमचा, ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’. हे नाव कोण घेतो? आमच्यासाठी तो फक्त ‘मुस्तफा’. तिघे खेळणार, मागे दहा जण सल्ले देणार. एका रुपयात जास्तीत जास्त टिकायचं, बस्स. एकदा तो रुपया दुधाच्या पैशांतला होता. आबांनी सगळ्यांसमोर कान धरला, तो थेट घरी येऊन सोडला.

सांता क्लारात मला मुस्तफा दिसला नाही. पोरं मात्र ‘पॅकमॅन’ला भिडली. मेलं की बटण दाबायचं, पुन्हा सुरू. अर्ध्या तासात दोघंही कंटाळली! फुकटात मरायची भीतीच नाही, तर मजा कसली?

मग मी कणकवलीचा नियम लावला. एक डाव संपला की मशीन सोडायचं आणि मागे उभं राहायचं. पाचव्या मिनिटाला दहा वर्षांचा मुलगा बहिणीला ओरडून सांगत होता, ‘अगं डावीकडे, भूत आलं!’ मागे दोन अनोळखी पोरंही येऊन थांबली. जमलं की पार्लर!

शेजारी एक गृहस्थ बंद पडलेलं मशीन मागून उघडून बसले होते. आतली जाडजूड पिक्चर ट्यूब पोरांनी डोळे फाडून पाहिली. अशा ट्यूब आता नव्या मिळत नाहीत, म्हणून जुन्याच जपायच्या. आमचं मशीन कुणी जपलं असेल?

पुढच्या सुट्टीत पोरांना तो गाळा दाखवायला नेलं. पण महामार्गाच्या चौपदरीकरणात तिथली दुकानं गेलेली, डोक्यावर उड्डाणपूल. ‘इथे होतं,’ म्हणत मी खांबाकडे बोट दाखवलं.

रात्री लेकीने आबांना सांता क्लाराची सगळी गोष्ट सांगितली. आबा माझ्याकडे बघून म्हणाले, ‘पैशे देवन पोरांका थंय घेवन गेललंस?’

मी नकळत कानाला हात लावला. आबा हसले आणि लेकीला म्हणाले, ‘माका पण शिकव गो.’