ट्रॅक्टरचे इंजिन जाम झाले तर

सभासद बंधूंनो, हंगामात भरल्या ट्रॉलीसह ट्रॅक्टर रस्त्यात बसला की उसाचे वजन घटू लागते. मग घाईने गावच्या मेस्त्रीकडून हेड खोलून घेतात, आणि तिथेच वाढीव वॉरंटीचा दावा अडकतो. म्हणून ऊस दुसऱ्या वाहनाने काट्यावर पाठवा. इंजिन मात्र कंपनीचा माणूस पाहीपर्यंत खोलू देऊ नका.

तो आला की आधी तासांचे मीटर आणि सर्व्हिसिंगचे पुस्तक बघतो. ऑइल किती तासांना बदलले, फिल्टर कोणता घातला, पावती कुठे? आपल्या पावत्या टूलबॉक्समध्ये ग्रीसने माखलेल्या. अक्षर दिसेल तर शपथ! एअर क्लीनरकडे दुर्लक्ष झाले की धूळ आत जाऊन लायनर-पिस्टन घासतात, रेडिएटरात पाणी कमी पडले की इंजिन तापून जाम होते. असा बिघाड 'निगा राखली नाही' म्हणून नाकारतात.

नकार तोंडी ऐकून परतू नका. जॉबकार्डावर कारण लिहून मागा. ते पटले नाही तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे २ वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. मोबदला म्हणून मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असल्यास फी नाही, पुढे १० लाखांपर्यंत २०० रुपये. 'ट्रॅक्टर धंद्याचा, तुम्ही ग्राहकच नाही' असे कोणी म्हणेल. पण स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेला ट्रॅक्टर कायद्याने त्यातून वगळला आहे. चार-पाच ट्रॅक्टर ड्रायव्हर ठेवून ठेक्याने चालवणाऱ्यांनी मात्र आधी वकिलाला विचारावे. तक्रारीपूर्वी सल्ला हवा असेल तर ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे.