घाम न येणारा उंदीर

नांदेडचा मे महिना म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायला नको! दुपारी रस्ते ओस पडतात आणि कूलरसमोरची जागा कुणी सोडत नाही. खेळून आलात की अंगातून नुसत्या धारा. वैताग येतो ना? पण हा घाम वाळतो म्हणूनच अंग गार होतं. तो आलाच नाही तर?

अशी उंदरांची एक जात आहे, टॅबी नावाची. उंदरांना घाम येतो तो फक्त पंजाच्या तळव्यांना. तळव्याला आयोडीन आणि स्टार्च लावलं, की घामाचा थेंब असेल तिथे काळानिळा ठिपका उमटतो. साध्या उंदराच्या तळव्यावर ठिपकेच ठिपके. टॅबीचा तळवा मात्र कोरा! शेपटीवर केस नाहीत, कानामागे टक्कल, दातही धड नाहीत.

एवढं सगळं एका जनुकामुळे. पिल्लू आईच्या पोटात असताना त्याच्या कातडीतल्या पेशी एकमेकींना निरोप धाडतात. एक पेशी ‘ईडीए’ नावाचं प्रथिन बाहेर सोडते. शेजारच्या पेशीवर ते नेमकं पकडणारा रेणू असतो. दारावरची बेल दाबली की घरात कळतं ना, तसं आत कळतं. मग पेशी एका जागी गोळा होतात, कातडीत खोल उतरतात आणि तिथे केस, दात किंवा घामाची ग्रंथी तयार होते. टॅबीचं ईडीएचं जनुकच बिघडलेलं, म्हणून निरोपच जात नाही.

माणसांतही असं होतं. १८७५ साली डार्विन या शास्त्रज्ञाने सिंधमधल्या एका कुटुंबाबद्दल लिहिलं. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यात होता. चार पिढ्यांतल्या दहा पुरुषांना मोजकेच दात, अंगावर विरळ केस आणि उन्हाळ्यात कातडी कोरडी पडून अतोनात हाल. मुलींना काहीच त्रास नाही, पण त्यांच्या मुलग्यांत तेच पुन्हा! असं का, ते तेव्हा कुणालाच उलगडलं नाही. माणसातलं हे जनुक सापडलं थेट १९९६ मध्ये.

आता खरी कमाल ऐका. २००३ मध्ये स्वित्झर्लंडच्या शास्त्रज्ञांनी गाभण टॅबी मादीला ईडीए प्रथिन टोचलं. पिल्लांना केस आले, घामही येऊ लागला, आणि तो कायमचा! पुढे जर्मनीत हाच दोष असलेल्या जुळ्या बाळांना आईच्या पोटात असतानाच हे औषध दिलं. त्यांना घाम येतो, हे २०१८ मध्ये जाहीर झालं.

तुमच्या वर्गात कुणाला उन्हात अजिबात घाम येत नसेल, तर त्याला चिडवू नका. सावलीत बसवा, डोक्यावर ओला रुमाल ठेवा आणि लगेच बाईंना सांगा.