गावाने राखलेले मैदान

आपल्याकडे बहुतेक गावांना गायरान असते, किंवा एकेकाळी होते. गावाच्या सीमेवरची ही जमीन कोणा एकाच्या मालकीची नसते. तेथे गुरे चरतात, मुले विटीदांडू खेळतात, जत्रेच्या दिवसांत पाले पडतात. वरवर पाहता ती पडीक जमीन वाटते. पण ती सर्वांची असते, हेच तिचे खरे मोल होय. अशाच एका गायरानाची ही हकिकत आहे. ते आपल्या देशात नाही. स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर सेंट अँड्र्यूज नावाचे एक लहानसे शहर आहे. त्या शहराला लागून, समुद्राच्या कडेने ते पसरलेले आहे. जगभरचे गोल्फ खेळाडू त्याला ‘ओल्ड कोर्स’, म्हणजे जुने मैदान, या नावाने ओळखतात आणि आयुष्यात एकदा तरी तेथे खेळावे अशी इच्छा मनाशी बाळगतात.

आपल्यापैकी बहुतेकांनी गोल्फची काठी हातात धरलेली नसेल. गोल्फ म्हटले की उंच कुंपण, फाटकावरचा पहारेकरी आणि आत रमणारी श्रीमंत माणसे असे चित्र डोळ्यांसमोर उभे राहते. अनेक ठिकाणी ते खरेही आहे. मात्र ज्या मैदानाला या खेळाची पंढरी मानतात, तेथे न खेळणाऱ्या माणसालाही जागा आहे. ती त्याला कशी मिळाली, हे समजून घेण्यासाठी आपण तेथे खेळाडू म्हणून नव्हे, तर प्रेक्षक म्हणून फेरफटका मारू.

खेळाची तोंडओळख

गोल्फचे मूळ तत्त्व अगदी साधे आहे. एक लहान कठीण चेंडू काठीने टोलवत टोलवत दूरवरच्या एका खळगीत घालावयाचा. ही खळगी जेमतेम सव्वाचार इंच रुंदीची असते. जो कमीत कमी टोल्यांत हे साधतो, तो जिंकतो. पूर्ण खेळात अशा अठरा खळग्या पार कराव्या लागतात. आरंभाच्या जागेपासून खळगीपर्यंत कापलेल्या गवताचा लांबरुंद पट्टा असतो. त्याला ‘फेअरवे’ म्हणतात. खळगीभोवतीचे गवत गालिच्यासारखे बारीक राखलेले असते. ती ‘ग्रीन’, म्हणजे हिरवळ. वाटेत वाळूने भरलेले खड्डे असतात, ते ‘बंकर’. चांगल्या खेळाडूला एका खळगीसाठी किती टोले पुरावेत याचा अंदाज आधीच ठरवलेला असतो. त्याला ‘पार’ म्हणतात. ओल्ड कोर्सवर अठरा खळग्यांचा मिळून पार ७२ आहे. एवढे कळले की प्रेक्षकाला खेळ समजू लागतो.

अठरा हा आकडाही याच मैदानाने दिला आहे. पूर्वी येथे बावीस खळग्यांचा खेळ होत असे. खेळाडू समुद्राच्या कडेने दूर टोकापर्यंत जात आणि त्याच वाटेने परत येत. १७६४ मध्ये आरंभीच्या काही आखूड टप्प्यांचे एकत्रीकरण करण्यात आले आणि जाण्यायेण्याची बेरीज अठरा झाली. पुढे सर्व जगाने हीच संख्या प्रमाण मानली. जाण्याची व येण्याची वाट एकच असल्याची खूण आजही दिसते. येथील सात हिरवळी जोडहिरवळी आहेत. म्हणजे एकाच हिरवळीवर दोन खळग्या असतात. दुसरी खळगी सोळावीबरोबर, तिसरी पंधरावीबरोबर, चौथी चौदावीबरोबर. प्रत्येक जोडीची बेरीज अठराच येते.

वाळूची जमीन आणि सशांची लढाई

समुद्र आणि शेती यांच्या मधल्या वालुकामय पट्ट्याला स्कॉटलंडमध्ये ‘लिंक्स’ म्हणतात. तेथे पीक नीट येत नाही. आखूड, चिवट गवत मात्र उगवते. लोक तेथे मेंढ्या चारत, कपडे वाळत घालत आणि चेंडूही टोलवत. हा नाद इतका वाढला की १४५७ मध्ये राजा दुसरा जेम्स याने फुटबॉल व गोल्फ या दोन्ही खेळांवर बंदी घातली. लोक धनुर्विद्येचा सराव सोडून खेळतात, अशी त्याची तक्रार होती. बंदी पुढेही पुन्हा पुन्हा घालावी लागली. यावरून ती किती पाळली गेली असेल याची कल्पना येते.

१५५२ मध्ये आर्चबिशप हॅमिल्टन यांच्या सनदेने या जमिनीवर ससे पाळण्याचा अधिकार आर्चबिशपना मिळाला. परंतु त्याच सनदेत नगरवासीयांचा तेथे गोल्फ व इतर खेळ खेळण्याचा हक्कही मान्य करण्यात आला. कागदावरचा हा हक्क अडीचशे वर्षांनी कसोटीला लागला. अठराव्या शतकाच्या अखेरीस नगरपालिका कर्जात बुडाली. १७९७ मध्ये तिने ही सार्वजनिक जमीन गहाण टाकली आणि लवकरच ती सशांचा व्यापार करणाऱ्यांच्या ताब्यात गेली. सशांनी मैदान पोखरून काढले. खेळाडू आणि सशांचे मालक यांच्यात भांडणे पेटली, न्यायालयात दावे चालले. सुमारे वीस वर्षे हा झगडा धुमसत राहिला. अखेर १८२१ मध्ये जेम्स चीप या जवळच्याच जमीनदाराने ही जमीन विकत घेऊन गोल्फसाठी राखली आणि सशांचे राज्य संपले. १८९४ मध्ये ब्रिटिश संसदेच्या कायद्याने ही जमीन पुन्हा नगराच्या मालकीची झाली. १९७४ च्या कायद्यानुसार तिचा कारभार एका सार्वजनिक विश्वस्त संस्थेकडे सोपवण्यात आला. आजही तीच संस्था हे मैदान सांभाळते. येथे खेळण्यासाठी कोणत्याही क्लबचे सभासद असावे लागत नाही. शुल्क मात्र भरावे लागते आणि गर्दी असल्यामुळे बऱ्याच जागा चिठ्ठ्या टाकून ठरवल्या जातात.

गायराने एकदा हातची गेली की सहसा परत येत नाहीत. हे परत आले, कारण ते आपले आहे ही गोष्ट गाव विसरले नाही.

रविवारची फेरी

न खेळणाऱ्या माणसाने येथे यावे ते रविवारी. मोजक्या मोठ्या स्पर्धांचे दिवस वगळता रविवारी ओल्ड कोर्सवर खेळ बंद असतो. त्या दिवशी गवताला विश्रांती मिळते आणि मैदान लोकांचे होते. आजीआजोबा फिरावयास येतात, मुले धावतात, कुत्री मोकळी बागडतात. तिकीट नाही, फाटक नाही. हिरवळीवर आणि बंकरमध्ये पाय ठेवू नये, एवढीच अपेक्षा असते. इतर दिवशीही पहिल्या व अठराव्या फेअरवेमधून जाणारा ‘ग्रॅनी क्लार्क्स वाइंड’ हा सार्वजनिक रस्ता लोकांसाठी खुला असतो. येणाऱ्या चेंडूकडे नजर ठेवून माणसे समुद्रकिनाऱ्याकडे जातात.

चालता चालता प्रथम लक्ष वेधून घेतो तो स्विल्कन ओढ्यावरचा लहानसा दगडी पूल. मेंढपाळांना जनावरे पलीकडे नेता यावीत म्हणून काही शतकांपूर्वी तो बांधला गेला, असे मानतात. याच पुलावर उभे राहून २००५ मध्ये जॅक निकलॉस यांनी ब्रिटिश ओपन स्पर्धेचा निरोप घेतला. २०२२ मध्ये टायगर वुड्स हा पूल ओलांडून अठराव्या हिरवळीकडे निघाले, तेव्हा त्यांचे डोळे पाणावले होते. रविवारी मात्र पर्यटकांची मुले त्यावर रांगेने उभी राहून छायाचित्रे काढून घेतात.

पुढे गेल्यावर बंकर दिसू लागतात. संपूर्ण मैदानात असे ११२ खड्डे आहेत. जोरदार वाऱ्यापासून बचाव करण्यासाठी मेंढ्या आडोशाला बसत आणि त्यामुळे यांतील काही खळगे पडले, असे सांगतात. चौदाव्या टप्प्यावरील प्रशस्त खड्ड्याचे नावच ‘हेल’, म्हणजे नरक, असे आहे. अकराव्या टप्प्यावरील बंकरपाशी क्षणभर थांबावे. १९२१ मध्ये बॉबी जोन्स हा एकोणीस वर्षांचा अमेरिकन खेळाडू त्यात अडकला आणि संतापाच्या भरात त्याने आपला डाव सोडून दिला. मैदानाला त्याने नावे ठेवली. पण त्याला पाठ दाखवली नाही. १९२७ मध्ये त्याने येथेच ब्रिटिश ओपन जिंकली. १९५८ मध्ये सेंट अँड्र्यूज नगराने त्याला सन्माननीय नागरिकत्व बहाल केले.

स्पर्धेचा दिवस आणि प्रेक्षकाचा धर्म

ब्रिटिश ओपन ही स्पर्धा १८६० मध्ये प्रेस्टविक येथे सुरू झाली आणि १८७३ मध्ये प्रथम सेंट अँड्र्यूजला आली. ती दरवर्षी वेगवेगळ्या मैदानांवर फिरते. २०२२ मध्ये तिचा दीडशेवा सोहळा ओल्ड कोर्सवर झाला, तेव्हा सुमारे २ लाख ९० हजार प्रेक्षक तेथे आले होते.

क्रिकेटच्या सामन्यात प्रेक्षक एका जागी बसतो आणि खेळ त्याच्यासमोर घडतो. गोल्फमध्ये खेळच मैलोनमैल चालत जातो. त्यामुळे प्रेक्षकाला निवड करावी लागते. आवडत्या खेळाडूच्या मागोमाग दोरीच्या बाहेरून चालत जावे, म्हणजे एका माणसाचा पूर्ण दिवस, त्याची उमेद आणि त्याची निराशा पाहता येते. किंवा एखाद्या हिरवळीपाशी बसून राहावे, म्हणजे सर्व खेळाडू एकापाठोपाठ एक समोरून जातात. अनुभवी प्रेक्षक बहुधा सकाळी चालतात आणि दुपारी बसतात.

खेळाडू टोला मारण्यासाठी उभा राहिला की स्वयंसेवक हात वर करतात आणि हजारो माणसे एकाच वेळी स्तब्ध होतात. कोणी बोलत नाही, पाऊलही हलवत नाही. चेंडू सुटल्यावर मगच आरोळी उठते. चेंडू भलत्या दिशेने गेला, तर खेळाडू ‘फोर!’ असे ओरडतो. तो इशारा ऐकताच डोके झाकावे. गोल्फमध्ये प्रत्येक खेळाडूमागे पंच नसतो. आपल्या हातून नियमभंग झाला, तर तो आपणच सांगावा, अशी रीत आहे. जेथे खेळाडू स्वतःवर लक्ष ठेवतो, तेथे प्रेक्षकानेही स्वतःला आवरावे, हे ओघानेच आले.

या शांततेला कधीकधी फार मोठी किंमत असते. १९७० मध्ये शेवटच्या हिरवळीवर डग सँडर्स यांचा चेंडू खळगीपासून तीन फुटांहूनही जवळ होता. तो आत गेला असता, तर विजेतेपद त्यांचेच होते. चेंडू बाजूने निसटला. दुसऱ्या दिवशीच्या निर्णायक लढतीत निकलॉस विजयी झाले.

कुंपणाच्या आतले आणि बाहेरचे

या मैदानाची गोष्ट सर्वस्वी निर्मळ आहे, असे मात्र म्हणता येणार नाही. पहिल्या खळगीच्या आरंभस्थानामागे एक भव्य दगडी इमारत आहे. ती ‘रॉयल अँड एन्शंट’ या १७५४ मध्ये स्थापन झालेल्या क्लबची वास्तू होय. मैदान सर्वांचे असले, तरी या क्लबचे सभासदत्व केवळ पुरुषांना मिळे. तेथून जवळच उंचसखल गवताचा एक तुकडा आहे. १८६७ मध्ये स्थापन झालेल्या महिलांच्या क्लबचा तो. काठी खांद्यावर उचलून जोराचा टोला मारणे स्त्रियांना शोभत नाही, अशी त्या काळची समजूत होती. म्हणून त्यांच्या वाट्याला चेंडू हलकेच ढकलण्याचा खेळ आला. चढउतारांनी भरलेल्या या हिरवळीला लोकांनी नाव दिले ‘हिमालय’! आज तेथे थोडे शुल्क भरून कोणालाही खेळता येते. २००७ मध्ये महिलांची ब्रिटिश ओपन प्रथमच ओल्ड कोर्सवर झाली आणि मेक्सिकोच्या लोरेना ओचोआ विजयी ठरल्या. त्या दगडी इमारतीतील क्लबने स्त्रियांना सभासदत्व देण्याचा निर्णय घेतला तो २०१४ मध्ये. जमीन खुली होणे आणि मने खुली होणे यांत एवढे अंतर पडू शकते.

अठराव्या टप्प्याला ‘टॉम मॉरिस’ असे नाव आहे. टॉम मॉरिस हे येथील एका विणकराचे पुत्र. चेंडू बनवणाऱ्या कारागिराच्या हाताखाली उमेदवारी करून ते वाढले, चार वेळा ब्रिटिश ओपन जिंकले आणि पुढे अनेक वर्षे याच मैदानाची निगा राखत राहिले. त्यांची गोष्ट वाचताना आपल्याकडच्या एका खेळाडूची आठवण होते. १८२९ मध्ये कोलकात्यात स्थापन झालेला रॉयल कलकत्ता गोल्फ क्लब हा ब्रिटिश बेटांबाहेरील सर्वांत जुना गोल्फ क्लब मानला जातो. तेथील मैदानाची देखभाल करणाऱ्या एका कर्मचाऱ्याचा मुलगा इतरांचा खेळ पाहून पाहून तो शिकला. एस. एस. पी. चौरसिया हे त्याचे नाव. २००८ मध्ये त्याने दिल्लीत ‘इंडियन मास्टर्स’ स्पर्धा जिंकली. २०१६ व २०१७ अशी सलग दोन वर्षे ‘इंडियन ओपन’चे विजेतेपद मिळवले. त्याच्या शिक्षणाचा आरंभ पाहण्यापासूनच झाला होता.

पाहणे ही केवळ करमणूक नसते. पाहणारा नीट पाहू लागला की तो शिकू लागतो; पण त्यासाठी त्याला उभे राहावयास जागा मिळाली पाहिजे. सेंट अँड्र्यूजच्या लोकांनी ती जागा आपल्यासाठी आणि परक्यांसाठीही शिल्लक ठेवली. आपल्या गावचे गायरान, शाळेचे पटांगण, नदीचा घाट यांपैकी काय शिल्लक आहे आणि ते राखण्यासाठी आपण काय करतो, हा प्रश्न प्रत्येकाने स्वतःला एकदा विचारून पाहावा.