शाळेच्या फाटकाशी इंजिन बंद!

शाळा सुटायला दहा मिनिटं असतात. फाटकाबाहेर चार-पाच जीप आणि एखादी मिनी बस उभी असते. सगळ्यांची इंजिनं सुरूच! आपण नाकाला पदर लावून गप्पा मारत असतो. परवा माझ्या शेजारणीची दुसरीतली लेक धावत आली आणि नेमकी जीपच्या मागे, धुरातच थांबली. तिला आधीच बालदमा. घरी पोचेपर्यंत खोकून बेजार. शेवटी पंप द्यावा लागला. डब्यात काय द्यायचं याचा आपण किती विचार करतो! पण पोरं श्वासातून काय घेतात, ते कोण बघतं?

मैत्रिणींनो, डिझेलचा धूर नुसता कपडे काळे करत नाही. त्यातली काजळी केसाच्या जाडीच्या तिसाव्या हिश्शाहूनही बारीक असते. ती नाकात अडत नाही, थेट फुप्फुसात खोलवर जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये या धुराला कर्करोगकारक ठरवलं. मुलांना धोका जास्त, कारण त्यांचा श्वास आपल्यापेक्षा जलद चालतो आणि उंचीमुळे तोंड धुराच्या नळीच्या जवळ असतं.

पण यावर उपाय नाही असं नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर दिल्लीतल्या सार्वजनिक बस २००२ अखेर सीएनजीवर आल्या. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ आलं. डिझेलमधल्या गंधकाचं प्रमाण दहा लाख भागांत ५० वरून १० वर आलं आणि नव्या गाड्यांना काजळी अडवणारा फिल्टर बसू लागला. आपली एसटी १ जून १९४८ ला पुणे-नगर मार्गावर पहिल्यांदा धावली. त्याच मार्गावर १ जून २०२२ ला विजेवरची 'शिवाई' सुरू झाली!

मात्र आपल्या गावात जुन्या गाड्या अजून धावतातच. मग आपण काय करायचं?

• मुलांच्या गाडीची पीयूसी बघायला मागा. बीएस-४ आणि त्यापुढच्या गाड्यांची पीयूसी वर्षभर चालते, त्याआधीच्या गाड्यांची सहा महिने. पीयूसी नसेल तर दहा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

• काळा धूर म्हणजे डिझेल नीट जळत नाही. एअर फिल्टर तुंबला असेल, इंजेक्टर बिघडला असेल किंवा गाडीत जास्त माणसं कोंबली असतील. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. दोन्हीत गाडी गॅरेजला न्यायलाच हवी.

• घरी नवी डिझेल गाडी असेल आणि फिल्टरचा दिवा लागला, तर कुणाच्या सांगण्यावरून फिल्टर काढून टाकू नका. काजळी जळून जायला गाडी अधूनमधून मोकळ्या रस्त्यावर सलग चालवावी लागते.

• उभ्या गाडीचं इंजिन बंद करायला सांगा. यात कुणाचा पैसाही जात नाही, उलट डिझेल वाचतं.

शेजारणीने हेच केलं. भांडली नाही. "काका, पोरीला दमा आहे हो, जरा इंजिन बंद ठेवाल का?" एवढंच म्हणाली. काकांनी लगेच किल्ली फिरवली आणि म्हणाले, "ताई, इतक्या वर्षांत कुणी सांगितलंच नाही बघा." दुसऱ्या दिवशी आम्ही चौघी मिळून बाकीच्यांना सांगायला गेलो. दोघांनी ऐकलं, एक हसला. त्याला उद्या पुन्हा सांगू!