मोटारगाडीतील दोषनिदान

मोटारगाडीत उद्‌भवलेल्या बिघाडाचे मूळ कारण लक्षणे, निरीक्षण व मापन यांच्या साहाय्याने निश्चित करण्याच्या पद्धतीस दोषनिदान म्हणतात. दुरुस्ती ही त्यानंतरची पायरी होय. व्यवहारात या दोहोंची सरमिसळ होते आणि गाडी चालू होईपर्यंत संशयित भाग एकामागून एक बदलत जाण्याची रीत पडते. या रीतीत निर्दोष भाग टाकून दिले जातात, मालकाचा खर्च वाढतो व मूळ दोष पुष्कळदा तसाच राहतो. ब्रेक किंवा शीतन यंत्रणेसारख्या ठिकाणी असा राहिलेला दोष घातक ठरू शकतो. प्रस्तुत नोंदीत कुटुंबाच्या वापरातील पेट्रोल गाडीचा मुख्यत्वे विचार केला आहे.

तत्त्व : पेट्रोल एंजिन चालण्यास चार गोष्टी लागतात : ते सुरुवातीस पुरेशा वेगाने फिरविले जाणे, हवा व पेट्रोल यांचे योग्य प्रमाणातील मिश्रण, सिलिंडरात त्या मिश्रणाचे पुरेसे संपीडन आणि योग्य क्षणी पडणारी ठिणगी. यांपैकी कोणती गोष्ट उणी आहे, हे प्रथम ठरवावयाचे असते. चाचण्यांचा क्रम असा निवडावा की, प्रत्येक चाचणीने संशयितांपैकी निदान निम्मे तरी निर्दोष ठरावेत. उदा., स्टार्टर एंजिनास नेहमीच्या वेगाने फिरवीत असेल व तरीही एंजिन पेट घेत नसेल, तर बॅटरी, तिच्या जाड तारा व स्टार्टर यांचा विचार सोडून देता येतो. नंतर ठिणगी पाहावी. ती जोमदार असेल, तर इंधनाकडे वळावे. अलीकडेच ज्या भागाचे काम झाले असेल तो भाग प्रथम तपासावा, हा जुन्या कारागिरांचा संकेत आजही उपयुक्त आहे. सैल राहिलेला जोड किंवा लावावयाची विसरलेली नळी अशा वेळी बहुधा हाती लागते.

विद्युतीय दोष : चार्ल्स केटरिंग यांनी विकसित केलेला विजेवर चालणारा स्टार्टर १९१२ साली कॅडिलॅक गाडीत आला व हँडल फिरवून एंजिन चालू करण्याची गरज हळूहळू संपली. तेव्हापासून गाडी चालू न होण्याच्या तक्रारीचा विचार बॅटरीपासूनच सुरू करावा लागतो. शिसे-अम्ल प्रकारच्या बॅटरीत सहा घट एकसरीत जोडलेले असतात. पूर्ण भारित व काही तास विश्रांत अवस्थेतील बॅटरीच्या अग्रांमधील दाब सु. १२·६ व्होल्ट असतो. तो १२·२ व्होल्टच्या आसपास असल्यास जवळजवळ निम्मा भार संपलेला असतो. स्टार्टर फिरत असताना हा दाब सु. ९·६ व्होल्टच्या खाली जाऊ नये. एंजिन चालू झाल्यावर अल्टरनेटर बॅटरीस भारित करू लागला की, तो १३·८ ते १४·५ व्होल्ट दाखवितो. काही आधुनिक गाड्यांत संगणक हा दाब गरजेप्रमाणे कमीजास्त करतो; त्यामुळे अशा गाडीत एकाच वाचनावरून अल्टरनेटरास दोष देता येत नाही.

‘दिवे प्रखर लागतात, म्हणजे बॅटरी व तिचे जोड ठीक आहेत’ हा अतिशय रूढ असा गैरसमज आहे. बॅटरीचा खांब व त्यावरील पकड यांच्यामध्ये पांढरट-हिरवट क्षार साचून ०·०२ ओहम इतका अल्प रोध निर्माण झाला आहे, असे मानू. ५५ वॉटचे दोन पुढील दिवे मिळून सु. ९ अँपिअर प्रवाह घेतात. तेव्हा या जोडावर जेमतेम ०·१८ व्होल्ट दाब खर्च होतो व दिव्यांच्या तेजात डोळ्यांस फरक जाणवत नाही. स्टार्टरला मात्र १५० अँपिअर प्रवाह हवा असल्यास त्याच जोडावर ३ व्होल्ट खर्च होतील. मग स्टार्टर नुसता ‘टक्’ असा आवाज करून थांबतो आणि नवी बॅटरी विकत घेतली जाते. ती बसविताना खांब व पकड घासून स्वच्छ होतात, गाडी चालू होते आणि जुनी बॅटरीच खराब होती अशी सर्वांची खात्री पटते.

हा दोष शोधण्यास रोधमापकाचा उपयोग नाही, कारण त्यातून जाणारा प्रवाह अगदीच क्षीण असतो व इतका अल्प रोध तो विश्वासार्हपणे दाखवू शकत नाही. दाबमापकाचे एक टोक बॅटरीच्या शिशाच्या खांबावर व दुसरे पकडीवर टेकवून साहाय्यकास स्टार्टर चालविण्यास सांगावे. निर्दोष जोडावर वाचन शून्याच्या अगदी जवळ राहते. याच रीतीने ऋण खांबापासून एंजिनाच्या धातूपर्यंतचा परतीचा मार्ग तपासावा. तेथे एकूण घट सु. अर्ध्या व्होल्टपेक्षा अधिक नसावी. एंजिन व गाडीचा सांगाडा यांना जोडणारी पट्टी तुटली असल्यास प्रवाह प्रवेगकाच्या किंवा क्लचच्या पोलादी तारेतून वाट काढतो व ती तार तापते. वळण दर्शविणारा दिवा लावताच त्याच बाजूचा मागचा दुसरा दिवा मंदपणे उजळू लागणे, हेही सदोष परतीच्या जोडाचेच लक्षण होय.

रात्रभर उभी राहिल्यावर बॅटरी उतरत असेल, तर गाडी बंद असताना वाहणारा प्रवाह मोजतात. घड्याळ, चोरीरोधक यंत्रणा इत्यादींसाठी सु. ०·०५ अँपिअर प्रवाह स्वाभाविक आहे. त्यामुळे दिवसाकाठी १·२ अँपिअर-तास खर्च होतात. सामान-कप्प्यातील दिवा व मागाहून बसविलेले एखादे उपकरण मिळून ०·५ अँपिअर घेत राहिल्यास हा खर्च १२ अँपिअर-तास होतो व ३५ अँपिअर-तास क्षमतेची छोट्या गाडीची बॅटरी दोन-तीन दिवसांत निकामी ठरते. मापक एकसरीत जोडल्यानंतर नियंत्रक सुप्तावस्थेत जाईपर्यंत सु. अर्धा तास वाट पाहावी. मग एकेक फ्यूज काढून प्रवाह कोठे घटतो ते पाहावे. मापक असा जोडलेला असताना स्टार्टर चालवू नये.

तापल्यावर उद्‌भवणारे दोष : निदानाच्या दृष्टीने हे सर्वांत अवघड होत, कारण कारागीर येईपर्यंत गाडी निवते आणि दोष नाहीसा होतो. प्रीमिअर पद्मिनीसारख्या जुन्या गाड्यांत पेट्रोलचा यांत्रिक पंप एंजिनावरच बसविलेला असे. उन्हाळ्यात भरलेली गाडी बोर घाट चढताना पंपात व नळीत पेट्रोलचे बाष्प होई, पंपास ते पुढे ढकलता येत नसे व एंजिन बंद पडे. पंपावर ओले फडके ठेवून चालक दहा-वीस मिनिटे थांबत व गाडी पुन्हा चालू होई. मात्र प्रज्वलन वेटोळ्यातील तार उष्णतेने आतल्या आत तुटली असली, तरी अगदी हाच अनुभव येतो. निवल्यावर तिची टोके पुन्हा जुळतात. ओल्या फडक्याचा गुण आला असे वाटते, पण तो केवळ थांबण्याचा गुण असतो. नव्या गाड्यांत पंप पेट्रोलच्या टाकीत असतो आणि इंधन दाबाखाली राहते. त्यामुळे बाष्परोध दुर्मिळ झाला. परंतु भुजादंडाची स्थिती सांगणारा संवेदक तापून बंद पडणे, हे त्याचे नवे रूप होय.

यांतील फरक दोष हजर असतानाच कळू शकतो. एंजिन बंद पडल्याबरोबर ठिणगी तपासावी : ठिणगी असून इंधन पोहोचत नसेल तर पहिला दोष, ठिणगीच नसेल तर दुसरा. इलेक्ट्रॉनीय प्रज्वलनाच्या गाडीत उच्च दाबाची तार मोकळी धरून ठिणगी पाहू नये. त्याने नियंत्रक जळू शकतो व धक्काही बसतो. त्यासाठी जमिनीशी जोडलेला चाचणी प्लग वापरावा व एंजिन थोडाच वेळ फिरवावे, नाहीतर न जळलेले पेट्रोल निष्कासातील उत्प्रेरकी परिवर्तकात जाऊन तो निकामी होतो.

यांत्रिक दोष : संपीडन-दाबमापक स्पार्क प्लगच्या जागी बसवून, प्रवेगक पूर्ण दाबून एंजिन फिरविल्यास निरोगी पेट्रोल एंजिनात सामान्यतः दर चौ. सेंमी.स ९ ते १२ किग्रॅ. दाब मिळतो. प्रत्यक्ष आकड्यापेक्षा सिलिंडरांमधील तफावत अधिक बोलकी असते. एका सिलिंडरात दाब कमी असल्यास त्यात चमचाभर वंगणतेल घालून पुन्हा मापन करतात. दाब वाढल्यास दट्ट्याची कडी झिजलेली असतात. न वाढल्यास झडपा नीट बसत नसतात. लगतच्या दोन सिलिंडरांत दाब सारखाच कमी असेल, तर त्यांमधील हेड गॅस्केट जळल्याचा संशय घ्यावा.

ग्रहण नळीतील निर्वात मोजणारे साधन स्वस्त असून अलीकडे उपेक्षित झाले आहे. समुद्रसपाटीवर मंदगतीने चालणाऱ्या निरोगी एंजिनात त्याचा काटा पाऱ्याच्या सु. ४३० ते ५६० मिमी.वर स्थिर राहतो. तो ठरावीक अंतराने झटका देऊन खाली येत असल्यास एखादी झडप गळत असते. दर ३०० मी. उंचीस हे वाचन सु. २५ मिमी.ने उतरते. त्यामुळे मुंबईत निर्दोष ठरलेले एंजिन सु. ५६० मी. उंचीवरील पुण्यात सु. ४५ मिमी. कमी दाखविते, हा दोष नव्हे.

निष्कासातील निळसर धूर वंगणतेल जळत असल्याचा, काळा धूर पेट्रोल अधिक जात असल्याचा व गरम एंजिनातही न थांबणारा दाट पांढरा धूर शीतनातील पाणी सिलिंडरात शिरत असल्याचा निदर्शक आहे. चाकाच्या धारव्याचा घुमणारा आवाज उजवीकडे वळताना वाढत असेल, तर भार डावीकडे सरकत असल्याने डावा धारवा संशयास्पद असतो.

एंजिन अतितप्त होण्यामागे यांत्रिक व विद्युतीय कारणे सारखीच संभवतात. रहदारीत उभे असताना तापमान वाढून वेगात उतरत असेल, तर विद्युत् पंखा, त्याचा फ्यूज, रिले वा तापस्विच तपासावा. उलट, वेगात किंवा चढावर वाढत असेल, तर रेडिएटर तुंबणे, पाण्याचा पंप वा अर्धवट उघडणारा थर्मोस्टॅट यांचा विचार करावा. दाबयुक्त झाकणामुळे आतील पाणी १००° से.च्या पुष्कळ वर तापूनही उकळत नाही. गरम असताना झाकण उघडल्यास ते क्षणात उकळून उसळते व गंभीर भाजते. तापमानदर्शक लाल पट्ट्यात गेल्यावर ‘पुढच्या गावापर्यंत’ गाडी रेटल्यास ॲल्युमिनियमचे सिलिंडर-शीर्ष वाकते आणि नळीच्या किरकोळ गळतीचे रूपांतर एंजिन उघडण्याच्या कामात होते.

ब्रेकचा पेडल सतत दाबून धरला असता हळूहळू खाली जात असेल व बाहेर गळती नसेल, तर मुख्य सिलिंडरातील रबरी वाट्या झिजलेल्या असतात. पेडल मऊ लागणे हे नळ्यांत हवा असल्याचे लक्षण होय. ब्रेकचे द्रव हवेतील बाष्प शोषते. डॉट ३ प्रतीच्या ताज्या द्रवाचा उकळबिंदू किमान २०५° से. असावा लागतो, पाणी शोषलेल्या द्रवासाठी ही किमान मर्यादा १४०° से.च आहे. लांब घाट उतरताना सतत ब्रेक लावल्यास असे द्रव उकळते व पेडल एकाएकी तळाशी जातो. निवल्यावर तो पूर्ववत होतो आणि कार्यशाळेत ‘काही दोष नाही’ असे सांगितले जाते. अशा तक्रारीनंतर द्रव बदलून पूर्ण तपासणी झाल्याखेरीज गाडी वापरू नये.

गाडीतील संगणक व दोषसंकेत : एंजिन-नियंत्रकाने स्वतःच दोष नोंदविण्याची सक्ती प्रथम कॅलिफोर्नियात १९८८ पासूनच्या गाड्यांसाठी झाली, १९९६ पासून अमेरिकेत सोळा टोकांचा जोड व संकेत यांचे प्रमाणीकरण झाले. भारतात १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज ६ मानकांच्या गाड्यांतही अशी यंत्रणा असते. ‘पी ०३०१’ या संकेताचा अर्थ पहिल्या सिलिंडरात ज्वलन चुकते आहे, एवढाच होय. त्याचे कारण प्लग, वेटोळे, इंधन-फवारा वा गळणारी झडप यांपैकी काहीही असू शकते. वेटोळे दुसऱ्या सिलिंडरावर हलवून संकेत ‘पी ०३०२’ होतो का, हे पाहणे बिनखर्चाचे आहे. ‘पी ०१७१’ हा संकेत मिश्रणात हवा अधिक असल्याचे सांगतो. तो दिसताच ऑक्सिजन संवेदक बदलण्याची घाई होते; वास्तविक पुष्कळदा संवेदक सत्यच सांगत असतो व दोष ग्रहण नळीच्या फाटलेल्या रबरात किंवा कमी पडलेल्या इंधनदाबात असतो. संकेत पुसण्यापूर्वी त्याबरोबर साठविलेले वेग, तापमान व भार यांचे आकडे लिहून घ्यावेत. अधूनमधून होणाऱ्या दोषांत तोच एकमेव पुरावा असतो.

विजेवर चालणाऱ्या गाड्यांत प्रज्वलन व संपीडन यांचे प्रश्न उरत नाहीत. त्यांच्या नारिंगी आवरणाच्या तारांत शेकडो व्होल्ट दाब असतो व त्यांना प्रशिक्षित व्यक्तीशिवाय कोणीही हात लावू नये. तथापि याही गाड्यांत बहुधा १२ व्होल्टची लहान बॅटरी असते. ती उतरली की, मुख्य घटमाला जोडणारे स्विच मिटत नाहीत आणि पूर्ण भारित गाडी जागची हलत नाही.