मिरचीचा शेंडा : खुडावा केव्हा, राखावा केव्हा?

सह्याद्रीच्या पायथ्याशी, देवगड–निपाणी मार्गावर वसलेले फोंडाघाट हे कणकवली तालुक्यातील गाव घाटमाथा व किनारपट्टी यांना जोडणारा एक जुना दुवा होय. मालवणी मसाल्याला लागणारी संकेश्वरी व बेडगी ही सुकी मिरची घाटावरूनच कोकणात उतरते. रोजच्या आमटीला व चटणीला लागणारी हिरवी मिरची मात्र घरच्या परड्यात सहज पिकविता येते. विहिरीच्या कडेला किंवा पडवीसमोर लावलेली आठ-दहा निरोगी रोपे एका कुटुंबाला हंगामात चांगलाच हातभार लावतात. अशा रोपांचा शेंडा खुडला म्हणजे मिरची अधिक येते, असा सल्ला सर्रास दिला जातो. हा सल्ला कितपत खरा आहे व आपल्या हवामानात तो कसा अमलात आणावा, याचा विचार करणे उपयुक्त ठरेल.

शेंडा खुडल्याने काय घडते?

रोपाचा शेंडा वाढत असतो तोवर पानांच्या बगलेतील डोळे बहुधा सुप्त राहतात. शेंड्यात तयार होणारे ऑक्सिन नावाचे द्रव्य खोडातून खाली उतरते व या डोळ्यांना आवर घालते. चार्ल्स डार्विन व त्यांचे पुत्र फ्रान्सिस यांनी रोपाच्या टोकाकडून खालच्या भागाकडे काही प्रभाव जातो, हे १८८० साली दाखवून दिले होते. पुढे १९३३ साली थिमन व स्कूग या शास्त्रज्ञांनी शेंडा कापलेल्या रोपाच्या टोकाला ऑक्सिन लावले असता बगलेतील डोळे दबलेलेच राहतात, हे सिद्ध केले. वाटाण्यावरील प्रयोगांतून २०१४ साली आणखी एक गोष्ट पुढे आली. शेंडा नाहीसा होताच त्याच्या वाट्याची साखर बगलेतील डोळ्यांकडे वळते व ते फुटू लागतात. ही साखर पानांतच तयार होते. म्हणूनच खुडताना खालची पाने राखणे अगत्याचे असते.

हरभऱ्याचे शेंडे भाजीसाठी खुडले की झाड पसरते, हा घाटावरील शेतकऱ्यांचा अनुभव याच तत्त्वावर आधारलेला आहे. निपाणी भागातील तंबाखूच्या पिकातही शेंडा खुडतात. तेथे मात्र हेतू उलटा असतो. खोडावरील पाने जाड व भरदार व्हावीत म्हणून शेंडा काढावयाचा आणि त्यानंतर बगलेत येणारे धुमारेही काढून टाकावयाचे. मिरची व तंबाखू एकाच कुळातील वनस्पती आहेत. परंतु मिरचीत आपल्याला हवे असतात ते हे धुमारेच.

मिरचीचा स्वभाव

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. मिरचीचे खोड काही पानांपर्यंत सरळ वाढते, मग त्याच्या टोकाला पहिले फूल येते व तेथेच खोडाला दोन फांद्या फुटतात. त्या फांद्यांनाही पुढे अशाच जोड्या फुटत जातात. म्हणजे भरपूर ऊन मिळणारे, आखूड पेरांचे, सशक्त रोप शेंडा न खुडताही आपोआप फांद्या धरते. खुडण्याचा खरा लाभ होतो तो माडाच्या किंवा फणसाच्या सावलीत उंच व किडकिडीत वाढलेल्या रोपाला.

शिवाय या लाभाची किंमत मोजावी लागते. खुडलेल्या रोपाला फुले येण्यास साधारणतः दोन ते तीन आठवडे उशीर होतो. हंगाम लांब असेल तेथे हा उशीर भरून निघतो. आपल्याकडे मात्र हंगामाला दोन्ही बाजूंनी मर्यादा आहे.

कोकणातील हंगामाचे गणित

फोंडाघाटच्या मुसळधार पावसात मिरचीची मुळे पाणी साचून कुजतात. त्यामुळे येथे मिरची पाऊस ओसरल्यानंतरच घेणे श्रेयस्कर. ऑक्टोबरच्या आरंभी गादीवाफ्यावर बी पेरल्यास नोव्हेंबरच्या मध्यास रोपे लावणीस येतात व जानेवारीपासून फुले दिसू लागतात. मार्चनंतर उन्हाचा ताप वाढला की फुले गळतात, एप्रिल-मेमध्ये अनेक विहिरींचे पाणी खोल जाते आणि जूनमध्ये पुन्हा पाऊस येतो. तोडणीचे उत्तम दिवस असे मोजकेच असतात. म्हणून सल्ला एवढाच, की खुडावयाचे असेल तर नोव्हेंबर संपण्यापूर्वी खुडावे. उशिरा लावलेल्या किंवा फुलावर आलेल्या रोपाचा शेंडा मुळीच खुडू नये.

खुडण्याची रीत

रोपाला सहा ते आठ पाने आली की चौथ्या किंवा पाचव्या पानाच्या वर, केवळ कोवळा शेंडा नखाने खुडावा. लावणी व खुडणी एकाच दिवशी करू नये. लावणीनंतर रोप सावरून नवे पान फुटेपर्यंत थांबावे. दिवस कोरडा असावा व दहिवर उडून गेलेले असावे. पुढील आठ-दहा दिवसांत बगलेतील धुमारे दिसू लागतात. खुडलेले रोप पसरते, म्हणून दोन रोपांत सुमारे ६० सेंटीमीटर अंतर ठेवावे व फांद्या मोडू नयेत म्हणून काठीचा आधार द्यावा. सशक्त रोपाचा शेंडा राखावा. रोप लहान असतानाच पहिले फूल आले, तर तेवढे काढून टाकणे पुरेसे असते.

तंबाखू किंवा मिश्री हाताळणाऱ्याने साबणाने हात धुतल्याशिवाय मिरचीच्या रोपास हात लावू नये. तंबाखूच्या पानातील केवडा रोगाचे विषाणू हातावाटे मिरचीला लागतात. चुरडामुरडा झालेल्या रोपाचा शेंडा खुडल्याने रोग बरा होतो, हाही गैरसमज आहे. पाने आकसणे हे फुलकिडे, कोळी किंवा पांढऱ्या माशीने पसरविलेल्या विषाणूचे लक्षण असते. विषाणूग्रस्त रोप समूळ उपटून नष्ट करावे.

जांभ्याच्या आम्ल जमिनीत चांगले कुजलेले शेणखत व मूठभर चुलीची राख मिसळावी. राखेने पालाश मिळते व आम्लताही थोडी कमी होते. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने ‘कोकण कीर्ती’ हे मिरचीचे वाण दिले आहे. याच विद्यापीठाचे कृषी संशोधन केंद्र फोंडाघाट येथे असल्याने वाणासंबंधी सल्ला घेणेही सोयीचे आहे.

शाळेच्या परसबागेत

हा विषय शिक्षकांना वर्गाबाहेरचा उत्तम पाठ ठरू शकेल. शाळेच्या परसबागेत एकाच दिवशी, एकाच वाणाची दहा रोपे लावावीत. एकाआड एक अशा पाच रोपांचे शेंडे खुडावेत, पाच तशीच ठेवावीत. प्रत्येक तोडणीची तारीख व वजन विद्यार्थ्यांनी वहीत नोंदवावे. न खुडलेल्या रोपांची मिरची आधी येईल, हे बहुधा दिसेलच. मेअखेर एकूण वजन कोणाचे अधिक भरते, ते त्या गावची माती, ऊन व पाणी ठरवील. अशा नोंदी ग्रामपंचायतीच्या फलकावर लागल्या, तर पुढील वर्षी शेंडा खुडावा की राखावा, हे गावकऱ्यांना ऐकीव सल्ल्याऐवजी आपल्याच गावच्या अनुभवावरून ठरविता येईल.